शेंदऱ्याचा हेल

आईचं तेरावं उरकलं आणि मी वाणगावला माझ्या घरी परत निघाले. भावाच्या ब्लॉकपासून बोईसर स्टेशन हाकेच्या अंतरावर. पण पाय उलटे वळले, आणि मी तारापूरच्या बाजूला जाणाऱ्या रिक्षात चढून बसले. आमच्या गावाच्या फाट्यावर उतरले. तिथे आता रिक्षा स्टँड आहे, पानाची टपरी आहे, आणि पंक्चरवाल्याने जुन्या टायरांची रास लावून ठेवली आहे. त्या टायरांच्या जागी आमचा शेंदऱ्या आंबा होता. जमीन तिथे अजून थोडी उंच आहे. डांबर घालून घालून लोकांनी सगळं सपाट केलं, तेवढा उंचवटा मात्र राहून गेला.

"आंटी, स्टेशन? एक सीट खाली है," एका रिक्षावाल्याने विचारलं. मी नको म्हणून मान हलवली आणि उभी राहिले.

आई गेली तेव्हा कोणी हेल काढला नाही. दवाखान्यातून आणली ती खाली पार्किंगमध्येच ठेवली, कारण जिना अरुंद. बायका रुमालाला डोळे पुसत उभ्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भावजय हळूच म्हणाली, "ताई, आवाज नको हं. वरच्यांचा मुलगा बारावीला आहे." तिचं काही चुकलं नाही, ती बिचारी शहरात वाढलेली. पण माझ्या घशात तेव्हा जे अडकलं ते अजून तिथेच आहे. जेवताना लागतं, बोलताना लागतं.

हेल म्हणजे नुसतं रडणं नव्हे. आमच्याकडे मेलेल्या माणसाजवळ बसून बाई सुरात रडायची, आणि रडता रडता त्या माणसाचं सगळं सांगायची. आधी हाक मारायची. मग त्याच्या हातांनी काय काय केलं ते सांगायचं, मग मागे काय राहिलं ते, आणि सगळ्यात शेवटी त्याच्याशी भांडायचं, की असा कसा गेलास. सगळ्यांना अरे-तुरे. सासऱ्याला, दिराला, गावच्या पाटलालासुद्धा. मेलेल्याला अहो-जाहो नसतं. जन्मभर ज्याच्यापुढे डोक्यावरचा पदर ढळला नाही त्या नवऱ्याला बाई त्या दिवशी पहिल्यांदा 'अरे' म्हणायची, आणि ते ऐकून बाहेर ओट्यावर बसलेले पुरुष खाली माना घालायचे.

आमच्या गावात हेल काढावा तर माझ्या आत्यानं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न होऊन चिंचणीला गेली आणि वर्ष-दीड वर्षात कपाळ पुसून परत आली, ती आमच्याच घरी राहिली. गावात कुठेही कोणी गेलं की आत्याला बोलावणं यायचं. ती हातातलं काम टाकून निघायची, कमरेला पदर खोचत, जशी एखादी सुईण निघते. ती गेल्याशिवाय त्या घरातलं रडणं सुरू व्हायचं नाही. सुरू झालं तरी त्याला आकार यायचा नाही.

तिचा एकच नियम होता. "हेलात खोटं चालत नाय," ती म्हणायची. "राजा होतास, कर्ण होतास असलं कायपण बोलायचं नाय. राजा कवा बघितलाय आपण? चहात बोटभर पाव बुडवायचा ना तो? मंग ते सांग. ते सांगितलंस तर समदी रडतील." आणि खरंच रडायची. पुढे पालघरला कॉलेजात मला झाडांवरच्या कविता होत्या. त्यांत झाड आई होतं, ऋषी होतं, दाता होतं. प्राध्यापक मॅडमचा आवाज भरून यायचा आणि मी वहीच्या मागे फुलं काढत बसायचे. मला वाटायचं, ह्या कवीनं कुठलं झाड, ते तरी सांगावं.

बाबांना आत्याची थट्टा करायची फार खोड. दुपारी जेवून ओट्यावर आडवे झाले की दोन मिनिटांत त्यांचं घोरणं सुरू व्हायचं, वाडीतल्या रहाटासारखं, मध्येच कुरकुरून थांबायचं आणि पुन्हा फिरायचं. आत्या सूप हातात घेऊन तिथूनच म्हणायची, "बाबू, तुज्या हेलात मी हे घोरणं घालणार हाय. समद्या गावाला सांगीन." बाबा डोळे न उघडता म्हणायचे, "घाल ना बाय. पण सुरात घाल." आई आतून ओरडायची, "असलं अभद्र काय बोलता दोघं!" आणि आम्ही पोरं हसायचो. ह्या हसण्याची आठवण मला नको वाटते, आणि तीच आधी येते.

तेव्हाच्या वाडीचे वास सांगायचे तर सकाळी ओल्या केळीच्या बुंध्यांचा वास, दुपारी वारा फिरला की मांगेल्यांच्या आळीतून सुकत घातलेल्या बोंबलांचा, आणि माघ सुरू झाला की सगळ्यांच्या वर शेंदऱ्याचा मोहोर. रायवळ आंबा होता तो, कुणी लावला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. फळ लहान, रेषेदार, पण देठाजवळ असा शेंदरी रंग चढायचा की पोरं त्यालाच हात जोडायची. वाडीच्या कडेला, रस्त्याच्या अगदी वळणावर उभा होता. बैलगाड्या त्याला वळसा घालून जायच्या, एसटीसुद्धा तिथे हळू व्हायची. पाडवा आला की तोरणाला पानं त्याची, आणि गावात कोणी गेलं की वाळलेली फांदी त्याचीच. आत्याची बसायची जागा त्याच्या बुंध्याशी. तांदूळ निवडायचे तर तिथे, गोधडी शिवायची तर तिथे. घरात एवढी जागा असताना ती बाहेर का बसते, असं मी एकदा आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "त्या परत आल्या ना, तेव्हा घरात सासूबाई आजारी होत्या. रडायला मनाई होती. मग तिथे जाऊन बसायच्या." ते रडणं संपलं होतं, बसायची सवय तेवढी राहिली होती.

मग कारखाने आले. आधी बोईसरला लांबवर दिवे दिसायला लागले, मग वाऱ्यावर एक उग्र वास, ज्याला गावात कोणाकडे नाव नव्हतं. बाबा कारखान्यात लागले, सायकलीने पाळीला जायला लागले. आणि एका वर्षी रस्ता सरळ करायचा म्हणून वळणावरच्या झाडांवर चुन्याच्या फुल्या पडल्या. बाबांनी कोणाकोणाला जाऊन विनवलं असेल, ते मला माहीत नाही. आत्याला त्यांनी एवढंच सांगितलं, "बाय, त्या दिवशी तू चिंचणीला जा. बघू नको." आत्या हो म्हणाली.

ती गेली नाही.

चैत्र होता. कैऱ्या बोराएवढ्या झाल्या होत्या. डोंगराकडची माणसं आली होती तोडायला, कुऱ्हाडी आणि लांब करवती घेऊन. त्यांच्या मुकादमानं आधी झाडाला हात लावून कपाळाला लावला, मग काम सुरू केलं. मी आणि भाऊ ओट्यावर उभे होतो. आई मागच्या दारी भाकऱ्या थापत होती आणि बाबा पहिल्या पाळीला गेलेले. वरच्या फांद्या पडल्या तोपर्यंत आत्या गप्प होती. मग बुंध्याला करवत लागली, पांढरा भुसा उडायला लागला, आणि चिकाचा तो आंबट, नाकात झोंबणारा वास सगळीकडे पसरला. आत्या चालत गेली, पडलेल्या फांदीजवळ फतकल मारून बसली, आणि तिने हाक मारली.

"शेंदऱ्या रे, माज्या शेंदऱ्या रे,
घरात नव्हती जागा, तुज्या बुंध्याशी मी रडले रे,
तुजी पानं तोरणाला, तुजं लाकूड सरणाला,
समद्यांना पुरून उरलास रे,
तुज्या चिकाचा डाग माज्या पदराला,
धुवून जाईना रे, धुवून जाईना.
सावली कुठं ठेवून चाललास रे,
मी उन्हाची कुठं बसू?"

आवाज तोच, मरणाच्या घरातला. करवत थांबली. मुकादमानं डोक्याचं फडकं काढलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "कोण गेला गो पोरी?" मला सांगता येईना. मरण झालेल्या गावात ती माणसं झाड तोडत नसत. ती कुऱ्हाडी खाली ठेवून उभी राहिली.

आणि तो आवाज गावात गेला. आत्याचा हेल म्हणजे कोणीतरी गेलं, यात गावाला शंकाच नव्हती. बायका धावत आल्या, पुरुष आले, आमचा शेजारी तर तिरडीला बांबू लागतील म्हणून कोयता घेऊनच आला. हेल आमच्या दारातून येत होता आणि घरातला एकच माणूस बाहेर होता, तो म्हणजे बाबा. आई मागच्या दारातून बाहेर आली तेव्हा तिच्या हाताला पीठ होतं. समोर माणसं, त्यांच्या मध्ये गळा काढून बसलेली आत्या. कोणीतरी येऊन आईचे दोन्ही हात घट्ट धरले. आई ओरडली नाही. तिनं नुसतं विचारलं, "कुठं? कारखान्यात?"

झाड गेलं म्हणून आत्या रडतेय हे कळल्यावर काही जण हसले, काही जण चिडले, आणि म्हातारी माणसं घरी गेली. मग करवत पुन्हा सुरू झाली. घरात कोणी मेलं नसताना हेल काढायचा नसतो. काढला तर तो रिकामा फिरत राहतो आणि माणूस शोधतो, असं आमच्याकडे म्हणतात. हे आत्याला माहीत नव्हतं असं नाही. गावात तिच्याइतकं ते कोणालाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी बाबा सायकलीवरून आले. वळणावर उजेड पाहून थबकले. आईनं त्यांना पाणी दिलं आणि ते पीत असताना ती त्यांच्या अंगाला हात लावून बघत होती, खांद्याला, दंडाला, जणू बाजारातून काही फुटकं तर आणलं नाही ना, असं. बाबा हसून म्हणाले, "अगं, आहे मी." आत्या अंगणात बसली होती, पदराचा डाग चोळत.

नवरात्र जवळ आलं होतं तेव्हा बाबा गेले. दुसऱ्या पाळीहून येत होते, त्याच सरळ झालेल्या रस्त्यावर, आता जिथे कोणालाच हळू व्हावं लागत नव्हतं. ट्रक कुठला होता ते कळलं नाही. गावात दोन मतं झाली. कोणी म्हणालं, झाड असतं तर वाचला असता. पण जास्त जण दुसरंच म्हणत होते, आणि ते हळू आवाजात म्हणत होते.

बाबांना ओटीवर ठेवलं. बायका जमल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि आत्याकडे बघायला लागल्या. सख्खी बहीण, आणि गावची हेल काढणारी. तिच्याआधी कोण तोंड उघडणार? आत्यानं बाबांच्या पायाशी बसून श्वास घेतला. मी तो श्वास पाहिला. आणि आई म्हणाली, "हिनं तोंड उघडायचं नाय."

आई आत्याला कायम 'वन्सं, तुमी' म्हणायची. 'हिनं' तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

"हिचं रडून झालंय," आई म्हणाली. "चैतातच झालंय. आधी हिनं मला रांडव केलं, मंग देवानं. आता काय रडायचं ऱ्हायलंय हिचं?"

आत्यानं पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. तिचे खांदे हलत होते. बाबांना उचललं, नेलं, तोवर तो बोळा तिनं काढला नाही. त्या दिवशी आमच्या घरात हुंदके होते, नाकं ओढणं होतं, भाऊ तर भोकाड पसरून रडत होता. पण बाबांचं कोणी काहीच सांगितलं नाही. ते कसे होते, सायकलीची घंटी कशी वाजवायचे, कसे घोरायचे. माझे बाबा न सांगताच गेले. मला राग आला होता, आणि तो नेमका कोणाचा हे मला आजही धड सांगता येत नाही.

नंतरची वर्षं मला एका आवाजावरून आठवतात, म्हणजे नसलेल्या आवाजावरून. आई आणि आत्या एका घरात राहिल्या, एका चुलीवर जेवल्या आणि एकमेकींशी बोलल्या नाहीत. "आत्याला विचार, मीठ आहे का." "आईला सांग, आहे." मध्ये मी. मोठी झाले, कॉलेजला गेले, लग्न होऊन वाणगावला गेले, मग मध्ये भाऊ. गावानं आत्याला बोलावणं बंद केलं. तिचा आवाज दारात नको म्हणायचे. कुठे मरण झालं की ती ओट्यावर उभी राहून त्या दिशेला कान द्यायची आणि कोणीतरी चुकीचं रडतंय हे ऐकून मान हलवायची. हळूहळू गावातली मरणं मुकी झाली. रहाट गेला, पंप आला. विहिरीचं पाणी मचूळ झालं. वाडीचा एकेक तुकडा गेला. मोहोराचा वास तर आधीच गेला होता.

आत्या गेली ती ऐन थंडीत, झोपेतच. मी वाणगावहून पोचले तेव्हा तिला अंगणात ठेवलेलं होतं. जुनी काही माणसं होती, चारदोन बायका. सगळ्या गप्प. हेल काढणाऱ्या बाईच्या मरणाला हेल कोण काढणार? मला येत नव्हता असं नाही. पण आईसमोर माझी छाती झाली नाही.

आई आतून आली. केस पांढरे, पाठीला बाक आलेला. ती आत्याच्या उशाशी बसली, तिचा पदर सारखा केला. आणि मग तिनं हाक मारली. माझ्या आईनं. जन्मात तिला मी गाताना ऐकलं नव्हतं.

"बाय गो, माज्या बाय गो,
घरात नव्हती जागा, बुंध्याशी तू रडलीस गो,
समद्यांना पुरून उरलीस गो..."

मी चमकून वर बघितलं. म्हातारी माणसंही एकमेकांकडे बघायला लागली. आईचा सूर फाटका होता, पण शब्द एकही पडत नव्हता.

"तुज्या चिकाचा डाग माज्या पदराला,
धुवून जाईना गो, धुवून जाईना..."

माणसाला कुठला चीक? हे शेंदऱ्याचं होतं. आईनं ते एकदाच ऐकलं होतं, त्या दुपारी, पिठाचे हात कोणीतरी धरून ठेवलेले असताना. आपला नवरा मेला असं समजून तिनं ते ऐकलं होतं, आणि त्यातला शब्दन् शब्द तिनं इतकी वर्षं, मीठ आहे का विचार म्हणत, आत धरून ठेवला होता. मला वाटलं आता ती थांबेल, कारण तिला येत होतं ते संपलं होतं. ती थांबली नाही. तिनं आत्याच्या छातीवर हात ठेवला आणि पुढे म्हणाली,

"तुज्या भावाचं घोरणं तू सांगणार होतीस गो,
समद्या गावाला सांगणार होतीस,
मी नाय सांगू दिलं गो, मी नाय सांगू दिलं.
रहाटासारखा घोरायचा तो, मध्येच थांबायचा,
मी अंधारात जागी व्हायची, परत सुरू झाला की निजायची.
जाऊन सांग त्याला, मी सांगितलं..."

अंगणात सगळे रडत होते. मीही रडले, आत्यासाठी आणि खरं सांगायचं तर जास्त बाबांसाठी. इतक्या वर्षांनी त्यांचं कोणीतरी काहीतरी सांगितलं होतं. रात्री आईचे पाय चेपताना मी विचारलं, "आई, ते तर झाडाचं होतं ना?" ती भिंतीकडे बघत होती. म्हणाली, "मंग? तिच्याकडचं तेवढंच होतं माज्यापाशी." मग कूस बदलून म्हणाली, "माज्या वेळेला लांबवू नको. थोडंच म्हण. पण म्हण."

आणि मी पार्किंगमध्ये तोंड मिटून उभी राहिले.

फाट्यावर ऊन चढलं होतं. मी त्या उंचवट्यावर उभी होते, टायरांना टेकून, आणि सावली कुठेच नव्हती. आईला सांगण्यासारखं काय आहे माझ्याकडे, मी विचार करत होते. पिठाचे हात आहेत. पाणी देताना बाबांच्या दंडाला लावलेला हात आहे. मीठ आहे का विचार, आहे. मी पदर तोंडावर घेतला, मग काढला, आणि हाक मारली. पहिली हाक चिरकली. दुसरी नीट लागली.

मला वाटलं हसतील. टपरीवरची दोन पोरं हसलीही. पण मघाचा तो रिक्षावाला उतरून जवळ आला. कुठल्या लांबच्या मुलखातला होता कोण जाणे, त्याच्याही गावात कोणी बाई अशीच बसत असेल. त्यानं मागे वळून इतरांना हात केला, तशी चालू असलेली रिक्षांची इंजिनं एकेक करून बंद झाली.

"कौन गया, आंटी?" त्यानं विचारलं.

"आई," मी म्हटलं, आणि पुढची ओळ घेतली.